सल्ला सदर: ‘जिन-रो’ संपल्यावर मुलं चिलखताच्याच प्रेमात पडली, आता काय करू?

पत्र:

नमस्कार. मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि तिथला फिल्म क्लबही माझ्याकडेच आहे. मागच्या सत्रात आम्ही ‘जिन-रो’ हा जपानी ॲनिमेशनपट दाखवला. नंतरची चर्चा साफ फसली. अर्ध्या मुलांना कोण कोणाविरुद्ध कट करतंय तेच कळलं नाही. उरलेल्यांत दोन तट पडले. एक म्हणे, “शेवटी त्याने त्या मुलीला मारलं ते बरोबरच, ड्यूटी होती.” दुसरा म्हणे, “तो माणूस राहिलाच नव्हता, रोबो झाला होता.” काही जणांना फक्त ते लाल डोळ्यांचं चिलखत आवडलं, आता ते त्यांच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर आहे. पुढच्या महिन्यात नव्या वर्गाला हाच चित्रपट दाखवायचा आहे. समितीतले एक सर म्हणतात, “कार्टूनमध्ये एवढा रक्तपात कशाला?” माणसाचं माणूसपण कसं काढून घेतलं जातं आणि त्यात राजकारण कसं चालतं, हे मुलांपर्यंत पोचवायचं तर नेमकं काय करू? आणि जपानी आवाज ठेवू की इंग्रजी डबिंग?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर:

नमस्कार मॅडम. पुढे शेवटासकट सगळं उघड बोलणार आहोत, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी आधी तो पाहावा.

तुमची चर्चा फसली ती मुलांमुळे नव्हे. हा चित्रपट गुंतागुंतीचा आहे, आणि ज्या प्रेक्षकाला त्यातलं राजकारण कळत नाही तो आपोआप सोप्या वाटेने जातो. एक तर प्रेमकथा पाहतो, नाहीतर चिलखत. ‘ड्यूटी’वाला आणि ‘रोबो’वाला हे दोन्ही तट तिथूनच निघाले. दोघांनाही शेवटची गोळी कोणाच्या हुकमावर आणि कशासाठी झाडली गेली, याचा पत्ता नव्हता. तो पत्ता लागला की निम्मं भांडण आपोआप मिटतं आणि उरलेलं करण्याजोगं होतं. म्हणून सगळी मेहनत चित्रपट सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांवर आणि नंतर विचारायच्या प्रश्नांच्या क्रमावर घ्या.

आधी पार्श्वभूमी. १९९९चा हा चित्रपट १०२ मिनिटांचा आहे. दिग्दर्शक हिरोयुकी ओकिउरा, पटकथा मामोरू ओशिई यांची, निर्मिती प्रॉडक्शन आय.जी.ची. कथा घडते ती युद्धानंतरच्या तोक्योत, पण तो खरा तोक्यो नाही. या कथेत जपानवर जर्मनीचा ताबा होता, म्हणून रस्त्यावर फोक्सवॅगन दिसतात आणि पोलिसांच्या हातात जर्मन मशीनगन, एमजी ४२. हे फळ्यावर ठळक लिहा. नाहीतर इतिहासाच्या वर्गातली दोन-तीन मुलं तरी ‘जपान जर्मनीच्या ताब्यात होता’ हे खरं समजून बाहेर पडतील. खरा ताबा अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या मित्रराष्ट्रांचा होता आणि तो १९५२ मध्ये संपला.

आता खरा इतिहास कुठे डोकावतो तेही सांगा, कारण तुम्ही इतिहास शिकवता आणि ही संधी सोडण्यासारखी नाही. ताब्याच्या काळात, १९४७च्या कायद्याने, जपानमध्ये शहरांना आणि पाच हजारांवर वस्तीच्या गावांना स्वतःचे पोलीस मिळाले होते. १९५४च्या कायद्याने ती व्यवस्था मोडली आणि पोलीस पुन्हा प्रांतांकडे आणि केंद्राकडे गेले. चित्रपटात ‘स्वायत्त पोलीस’ म्हणून जे दल दिसतं त्याच्या नावात त्या व्यवस्थेचा माग आहे. आणि सुरुवातीला रात्रीच्या रस्त्यावर पेट्रोल बॉम्ब फेकणारा जमाव दिसतो, त्यामागे अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरोधी १९६०चं आंदोलन आहे. त्या वर्षी १५ जूनला संसदेच्या आवारात झालेल्या झटापटीत मिचिको कानबा ही तोक्यो विद्यापीठाची २२ वर्षांची विद्यार्थिनी मेली. आंदोलन एवढं पेटलं की पंतप्रधान किशींना पायउतार व्हावं लागलं. करार मात्र टिकला. हे पाच वाक्यांत सांगा, व्याख्यान देऊ नका.

मग फळ्यावर आकृती. वर ‘सरकार’. खाली दोन चौकटी, ‘स्वायत्त पोलीस’ आणि ‘राजधानी पोलीस’. ‘राजधानी पोलीस’च्या चौकटीला दोन फांद्या, ‘विशेष पथक’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षा शाखा’. बाजूला, वेगळी, ‘सेक्ट’ ही सशस्त्र बंडखोर संघटना. एवढंच. ‘जिन-रो’ची चौकट काढू नका. ती काय आहे हे मुलांना चित्रपटातूनच कळू द्या. ओळखायची खूणही सांगून ठेवा. ढाली घेऊन दंगल आवरणारे ते स्वायत्त पोलीस, चिलखतवाले ते विशेष पथक, आणि साध्या सूट-टायमध्ये फिरणारे ते सुरक्षा शाखेचे. मागच्या वेळी मुलं गोंधळली ती बहुधा इथेच. चित्रपटात दोन पोलीस दलं आहेत, त्यातल्या एकाच्या दोन शाखा एकमेकींच्या मुळावर उठल्यात, आणि ‘पोलीस विरुद्ध अतिरेकी’ अशी सरळ लढाई शोधणाऱ्याला ती पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांनंतर सापडतच नाही.

कथेचा कणा तुम्हाला माहीत आहे, पण पुढच्या मुद्द्यांसाठी तो इथे एकदा मांडू. भुयारी गटारात विशेष पथकातला फुसे एका किशोरवयीन मुलीसमोर मशीनगन रोखून उभा राहतो. तिचं नाव नानामी. ती बॉम्बची पिशवी वाहणारी आहे. अशा मुलींना ‘लाल टोपी’ म्हणतात. त्याच्या हातून गोळी सुटत नाही, तो फक्त ‘का?’ असं विचारतो, आणि ती दोरी ओढते. फुसे वाचतो. चौकशी होते, त्याला पुन्हा प्रशिक्षणाला धाडतात. जिथे नानामीच्या अस्थी ठेवल्या आहेत तिथे त्याला केई भेटते, ‘मी तिची मोठी बहीण’ म्हणते. दोघं जवळ येतात. पण केई बहीण नाही. तीही एकेकाळची बॉम्ब वाहणारीच. सुरक्षा शाखेने तिला पकडून, तिच्यापुढे दुसरा पर्याय न ठेवता, फुसेला अडकवण्यासाठी सोडली आहे. विशेष पथकाचा जवान अतिरेकी मुलीबरोबर सापडला की बोभाटा होईल, पथक बरखास्त होईल आणि दोन पोलीस दलांचं विलीनीकरण सोपं होईल, असा डाव. हा डाव हाताळतो हेन्मी, फुसेचा प्रशिक्षणातला जुना सोबती. आणि या सगळ्याच्या आत आणखी एक डाव आहे. विशेष पथकात ‘जिन-रो’ नावाची गुप्त टोळी आहे, हांदा तिचा म्होरक्या, आणि फुसे तिचाच माणूस. सुरक्षा शाखेला गळाला लावण्यासाठी त्यांनी फुसेचंच आमिष लावलेलं असतं.

हे सारं मुलांना आधी सांगायचं नाही. पण प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या. त्यावर एकच पात्र: फुसे, केई, हेन्मी किंवा हांदा. चाळीस मुलं असतील तर प्रत्येक पात्राच्या दहा चिठ्ठ्या. खाली दोन ओळी: ‘या क्षणी याला काय माहीत आहे? हा कोणाशी खोटं बोलतोय?’ पाहता पाहता लिहायची सक्ती नको, अंधारात कोणी लिहीत नाही. मध्यंतर घेऊ नका. थांबवून समजावणं तर अजिबात नको, मधे दिवे लागले की त्या गटारांतला कोंदटपणा सुटतो आणि मुलं फोन काढतात. चित्रपट संपल्यावर दहा मिनिटं चहा, त्याच वेळात चिठ्ठ्या भरून घ्या. पुढे पन्नास मिनिटं चर्चा. एकूण तीन तासांचं काम आहे, त्यामुळे दुपारी दोनचा हॉल मिळतोय का पाहा. संध्याकाळी पाचला सुरू केलंत तर बसची वेळ झाली म्हणून निम्मी मुलं ऐन रंगात उठतील.

चर्चेची सुरुवात ‘कसा वाटला?’ने करू नका. तो प्रश्न आला की मुलं लगेच बाजू घेतात आणि पुढचा वेळ घेतलेली बाजू राखण्यात जातो. पहिला प्रश्न असा: केई पहिल्यांदा भेटली तेव्हा कोणाला काय माहीत होतं? चिठ्ठ्या वाचून उत्तरं फळ्यावर लिहा. हेन्मीच्या दहा जणांना तो डावाचा सूत्रधार वाटला असेल, हांदाच्या दहा जणांना तो प्यादं वाटला असेल. फुसेच्या रांगेत वाद होईल आणि व्हायलाच हवा, कारण तो जिन-रोचा आहे हे उशिरा उघड होतं आणि त्याचं केईबद्दलचं वागणं किती नाटक, किती खरं, हे चित्रपट मुद्दाम सांगत नाही. तो निकाल तुम्हीही देऊ नका. दुसरा प्रश्न: कोणी कोणाचा वापर केला? इथे बाण काढा. सेक्टकडून नानामीकडे बाण, सुरक्षा शाखेकडून केईकडे, हेन्मीकडून फुसेच्या मैत्रीकडे, जिन-रोकडून फुसेकडे आणि हेन्मीकडे. फळा भरला की मुलांना आपसूक दिसेल की दोन्ही मुलींकडे फक्त बाण येतात, त्यांच्याकडून एकही निघत नाही. कोणीतरी म्हणेल, ‘केईने फुसेला फसवलं की.’ बरोबर. पण तो बाण तिच्या हातात दुसऱ्याने दिलेला आहे, तो तुटक रेषेने काढा.

सेक्टला मोकळं सोडू नका. वर्गात कोणी ना कोणी सरकार वाईट म्हणजे बंडखोर चांगले असा हिशोब मांडणारच. शाळकरी वयाच्या मुलींच्या खांद्यावर बॉम्ब अडकवणारी संघटना माणसाला सामान समजण्यात पोलिसांपेक्षा एक पाऊलही मागे नाही, आणि ‘लाल टोपी’ हे नावच तिथे मुलीचं नाव, वय, घर पुसून टाकण्याचं काम करतं. याच ठिकाणी एक प्रश्न घाला जो आम्हाला सगळ्यात कामाचा वाटतो: उत्तरार्धातून सेक्ट पूर्ण काढून टाकला तर कोणता डाव बदलेल? जवळपास कोणताच नाही. बंडखोर पडद्यावरून जवळजवळ नाहीसे होतात आणि त्यांच्याविरुद्ध उभी केलेली यंत्रणा एकमेकांचे गळे धरते. शत्रू आता फक्त निमित्त उरलाय, अंदाजपत्रक आणि अधिकारक्षेत्र राखायला. राजकीय वापर हा विषय इथे मुलांच्या हाताला लागतो, तोही तुम्ही एक शब्द न समजावता.

आता ‘ड्यूटी’. हा तट हलक्यात घेऊ नका, त्यांच्या म्हणण्यात दम आहे, फक्त तो चुकीच्या प्रसंगाला लावलाय. दोन प्रसंग पुन्हा दाखवा, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिला, गटारातली नानामी. तिच्याकडे स्फोटकं आहेत, हात दोरीवर आहे, अंगावर गणवेश असलेल्या, कायद्याने नेमलेल्या पोलिसाला तिला थांबवायचं आहे. तिथे गोळी झाडली असती तर निदान वाद घालता आला असता. दुसरा, शेवटचा भंगारवाडा. केई निःशस्त्र आहे, ताब्यात आहे, कोणालाही धोका नाही. तिला मारायचं ते शहर वाचवण्यासाठी नाही. ती सुरक्षा शाखेच्या हाती परत पडली तर पुरावा होईल, आणि ती मेली हे बाहेर कळलं नाही तर ‘ती जिवंत आहे आणि जिन-रोच्या ताब्यात आहे’ या धाकावर सुरक्षा शाखा गप्प राहील, एवढाच हिशोब. आता मुलांना विचारा, हा हुकूम कोणाचा? सरकारचा? राजधानी पोलिसांचा? विशेष पथकाचा तरी? कागदावर कुठेच नसलेल्या टोळीच्या म्होरक्याचा. तर मग ड्यूटी कोणाची? इथे वर्ग शांत होतो. त्या शांततेत लगेच बोलू नका. घड्याळ पाहून अर्धा मिनिट जाऊ द्या.

‘रोबो’वाल्यांना तोच भंगारवाडा पुन्हा, पण आवाज बंद करून. फक्त चेहरा पाहायला सांगा. गटारात हेन्मी आणि त्याच्या माणसांना फुसे मारतो तेव्हा तो पूर्ण चिलखतात आहे, शिरस्त्राण, वायुमुखवटा, लाल काचा. गोळ्या अंगावर आपटून पडतात, तो नुसता चालत येतो. केईला मारताना चिलखत आहे, पण मुखवटा नाही. ती त्याला बिलगून लाल टोपीच्या गोष्टीतली वाक्यं म्हणतेय, त्याचा चेहरा वेडावाकडा होतो, आणि तरी तो चाप ओढतो. दूर एक माणूस बंदूक रोखून आहे, याने कच खाल्ली तर काम पुरं करायला. म्हणजे संवेदना मेल्या म्हणून हात चालला असं झालेलं नाही. सगळं कळतंय, सगळं दुखतंय, आणि हात चालतो. यंत्राला दोष देऊन सुटता आलं असतं. म्हणूनच ‘रोबो’ हा शब्द इथे फुसेची बाजू घेणारा ठरतो, तो वापरणाऱ्या मुलांना हे दाखवून द्या. हांदा तर आपल्या लोकांबद्दल अभिमानानेच सांगतो की आम्ही कुत्र्याच्या कातड्यातली माणसं नाही, माणसाच्या कातड्यातले लांडगे आहोत. दुसऱ्याला जनावर ठरवणं आपण रोज ऐकतो. इथे मारणारे स्वतःलाच जनावर ठरवतात, कारण लांडग्याला कोणी जाब विचारत नाही.

लाल टोपीच्या गोष्टीबद्दलही आधी एक वाक्य टाकून ठेवा. आपल्याकडच्या मुलांना जी गोष्ट ठाऊक असते ती बहुतेक ग्रिम बंधूंची, १८१२ची. तिच्यात शिकारी येतो, लांडग्याचं पोट फाडतो आणि आजी-नात सुखरूप बाहेर. त्याआधी १६९७ मध्ये फ्रान्सच्या शार्ल पेरोने लिहिलेल्या रूपात कोणी येत नाही, लांडगा मुलीला खातो, गोष्ट संपली. चित्रपट त्याहूनही जुनी वाटणारी, लोखंडी कपड्यांची, आईचं मांस खायला लावणारी गोष्ट सांगतो, आणि तिच्यातही सुटका नाही. ग्रिमचा शिकारी डोक्यात ठेवून बसलेली मुलं शेवटपर्यंत फुसेच तो शिकारी होईल म्हणून वाट पाहतात, आणि मग चिडून म्हणतात, ‘शेवट जमला नाही.’

चिलखताच्या चाहत्यांना रागावू नका. ते आकर्षक दिसावं अशीच त्याची घडण आहे, आणि चित्रपटाला ते चांगलं ठाऊक आहे. त्यांना हिशोबाचं काम द्या. शेवटच्या पाठलागात चिलखतवाल्याला किती वेळा धोका वाटला ते मोजा. समोरच्यांकडे काय शस्त्रं होती ते लिहा. एमजी ४२ मिनिटाला साधारण १२०० गोळ्या झाडते हे सांगा आणि विचारा, ही चकमक आहे का? ओकिउरांनी मरणारी शरीरं लांबवून, गचके देत, बेढब दाखवली आहेत. झटकन पडून मोकळी होणारी शरीरं मुलांनी शेकडो पाहिलेली असतात, इथे तसं होत नाही आणि ते पाहणं नकोसं होतं. वॉलपेपर त्यांनी काढावा असा आग्रह नको. पण त्या चित्रात चेहरा का नाही, हा प्रश्न त्यांच्याकडूनच यायला हवा.

चित्रपटाची एक खोटही वर्गात बोला, नाहीतर हुशार मुली ती काढतील आणि तुम्ही बचाव करत बसाल. केईचा वापर झाला असं चित्रपट दुःखाने सांगतो, पण तिला स्वतःचं आयुष्य तोही फार देत नाही. ती बॉम्ब वाहायला का तयार झाली, पकडल्यावर काय झालं, तिला काय हवं होतं, याला मोजकी वाक्यं मिळतात. फुसेच्या यातनेला मात्र स्वप्नं, लांडगे, संग्रहालय, सगळं मिळतं. आम्हाला ही खोट खरी वाटते. केईच्या चिठ्ठ्या हातात असलेल्या दहा जणांना तिच्याबद्दल लिहायला सगळ्यात कमी सापडलं असेल. ती जवळजवळ कोरी चिठ्ठीच फळ्यावर लावा.

मुलं लगेच आजच्या राजकारणावर येतील. यायला हरकत नाही, पण ते शेवटच्या पंधरा मिनिटांत. आधी आलं तर पक्षांची नावं निघतील आणि चित्रपट बाजूला पडेल. त्या पंधरा मिनिटांसाठी प्रत्येक पाच जणांत एक मराठी वर्तमानपत्र द्या, कुठलंही, मागच्या आठवड्यातलं. कोणत्या बातमीत माणसांच्या गटाला प्राण्याचं, किड्याचं, रोगाचं किंवा कचऱ्याचं नाव दिलंय ते अधोरेखित करायचं. ‘सफाया’, ‘वळवळ’, ‘कीड’, ‘पिलावळ’ असे शब्द सापडतील. मग त्याच वाक्यात त्या शब्दाच्या जागी ‘अमुक वयाचा, अमुक काम करणारा माणूस’ असं घालून वाचायचं. काही वाक्यं तशीच उभी राहतात, काही कोसळतात. अट एकच, प्रत्येक गटाने निदान एक उदाहरण आपल्याला ज्यांची मतं पटतात त्या बाजूचं काढलंच पाहिजे. ही अट नसेल तर सगळी मुलं एकाच पक्षाची कात्रणं घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये तुमची पेशी.

हॉलबद्दल थोडं. चित्रपट फार काळोखा आहे, गटारांचे प्रसंग करडे आणि तपकिरी. खिडक्यांना पडदे नसतील तर पहिलाच प्रसंग पडद्यावर राखाडी चिखल दिसेल. आदल्या दिवशी नानामीचा प्रसंग लावून शेवटच्या रांगेत बसा. चेहरा ओळखू आला तर ठीक, नाही तर प्रोजेक्टर जवळ घ्या आणि चित्र लहान पण उजळ करा. आवाज मशीनगनवर बेतू नका, फुसे आणि केईच्या हळू बोलण्यावर बेता, मग गोळीबार लावून तो कानठळ्या बसवणारा तर नाही ना ते तपासा. परवानगीचं काम आजच सुरू करा. स्वतःच्या स्ट्रीमिंग खात्यावरून सभागृहात दाखवणं चालत नाही, भारतातल्या हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्या. क्लब फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न असेल तर आधी त्यांनाच विचारा.

समितीतल्या सरांशी ‘हे कार्टून नाहीच’ असा वाद घालू नका, त्याने त्यांची शंका जात नाही. त्यांची शंका रास्त आहे, रक्त आहे आणि बरंच आहे. सूचनापत्रावर स्पष्ट लिहा: स्फोट, गोळीबाराने होणारे मृत्यू, मांस खाण्याचे उल्लेख, स्वप्नातला लांडग्यांचा हल्ला, प्रवेश १७ वर्षांवरील विद्यार्थ्यांनाच. बाहेर जायचं दार मोकळं ठेवा आणि उठून गेलेल्याला नंतर कारण विचारू नका. सरांना आधी एकटं बसवून पहिली वीस मिनिटं आणि शेवटची दहा दाखवा. हाच विषय माणसं घेऊन का केला नाही, असं ते विचारतील. उत्तर लांडग्यांच्या स्वप्नात आहे. तिथे बाई, पुरुष आणि जनावर एकाच हाताच्या रेषेतून आलेत, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसत नाही. कॅमेऱ्यापुढच्या नटाच्या बाबतीत तो दिसतोच.

आणि डबिंग. इंग्रजी डबिंग उपलब्ध आहे, पण आम्ही जपानी आवाज आणि इंग्रजी उपशीर्षकं हाच पर्याय घेऊ. फुसे फार कमी बोलतो आणि त्याच्या गप्प राहण्यात बरंच काही आहे. अडचण येईल ती बैठकांच्या प्रसंगांत, तिथे अधिकारी भराभर बोलतात आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची इंग्रजी ओळ वाचून होण्याआधी पुढची येते. तेवढ्या दोन-तीन बैठकांचा सारांश मराठीत अर्ध्या पानावर टंकून चिठ्ठीच्या मागे छापा: कोण बसलंय, कोणत्या खात्याचा आहे, काय मागतोय. त्यात ‘जिन-रो’चं नाव चुकूनही येऊ देऊ नका.